हजेरीपटाबाहेरचे मनुष्यबळ : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष आणि संचालक मंडळांचे सर्व सदस्य यांस



गेल्या दहा-बारा वर्षांत राज्यातील साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल बरेच बदलले आहेत. पूर्वी जे अहवाल गाळप, उतारा आणि ऊसदर एवढ्यावर संपत, त्यांत आता चिपाडापासून होणारी सहवीजनिर्मिती, मळीपासून व उसाच्या रसापासून तयार होणारे इथेनॉल, प्रेसमडपासून मिळणारे खत व बायोगॅस आणि ठिबक सिंचनाखाली आलेले क्षेत्र यांना स्वतंत्र पाने दिली जातात. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, त्यात महाराष्ट्रातील आसवन्यांचा वाटा मोठा आहे, आणि ज्या उद्योगाकडे एकेकाळी नद्यांच्या प्रदूषणामुळे बोट दाखवले जात असे त्याने एवढी मजल मारावी, ही खरोखर कौतुकाची गोष्ट आहे. मात्र याच अहवालांत मनुष्यबळ म्हणून जो आकडा छापला जातो, तो कायम, हंगामी आणि रोजंदारी कामगारांचा, म्हणजे कारखान्याच्या फाटकाच्या आत काम करणाऱ्यांचा असतो. ज्यांनी तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरल्या, ती हजारो माणसे त्या आकड्यात नसतात. हे पत्र त्या न मोजलेल्या माणसांविषयी आहे. जोवर ती माणसे कारखान्याच्या मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या कक्षेत येत नाहीत, तोवर शाश्वततेचा दावा कितीही मोठा असला तरी तो पायाशी पोकळ राहतो, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

उद्योगाची शाश्वतता याचा सर्वसाधारण अर्थ असा की उद्योगाने आजचा नफा मिळवताना तो ज्या निसर्गावर, ज्या समाजावर आणि ज्या भांडवलावर उभा आहे, त्यांची झीज होऊ देऊ नये, म्हणजे पुढच्या पिढीलाही तो चालवता येईल. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालापासून ही मांडणी जगभर रूढ झाली, पण निसर्गाच्या बाजूने तिची जेवढी वाढ झाली तेवढी माणसांच्या बाजूने झाली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेफ्री फेफर यांनी २०१० मध्ये एका निबंधात हीच उणीव दाखवली होती: कंपन्या आपल्या कामाचा निसर्गावर होणारा परिणाम तपासू लागल्या आहेत, परंतु त्याच कामाचा माणसांच्या आरोग्यावर आणि आयुष्यावर होणारा परिणाम तपासण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. त्याच्या एक वर्ष आधी, २००९ मध्ये, जर्मन अभ्यासक इना एनर्ट यांनी शाश्वत मनुष्यबळ व्यवस्थापन ही संकल्पना एका ग्रंथातून सविस्तर मांडली होती. नेहमीचे मनुष्यबळ व्यवस्थापन भरती, प्रशिक्षण, वेतन आणि बढती यांच्या आधारे संस्थेची उद्दिष्टे कशी गाठायची याचा विचार करते. शाश्वत मनुष्यबळ व्यवस्थापन त्याला आणखी एक अट घालते. काम करून घेताना माणसाचे आरोग्य, कौशल्य आणि काम करण्याची उमेद पुन्हा भरून येत राहिली पाहिजे, आणि ज्या कुटुंबांतून, गावांतून व शाळांतून उद्याचे मनुष्यबळ यायचे आहे त्यांचीही हानी होता कामा नये, अशी ती अट आहे. ऊस उत्पादकाला हा विचार परका नाही. खोडवा घ्यायचा असेल तर बुडख्यांची निगा राखावी लागते, पाचट सरीतच कुजवावे लागते आणि खताचा हप्ता वेळेवर द्यावा लागतो, कारण लागणीच्या पिकाने जमिनीतून जे घेतले ते परत केल्याशिवाय पुढचे पीक उभे राहत नाही. हाच हिशेब माणसांच्या श्रमाला लावला की या संकल्पनेचा गाभा हाती येतो.

राज्यातील ऊसतोडणीची व्यवस्था या कसोटीवर तपासून पाहावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातून, जालना, परभणी, धाराशिव, नाशिक, जळगाव अशा जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे आणि सोलापूरकडे, तसेच सीमा ओलांडून कर्नाटकाकडे निघतात. त्यांची संख्या निरनिराळ्या अंदाजांत आठ लाखांपासून पुढे सांगितली जाते. नवरा-बायकोची जोडी हा एक ‘कोयता’ धरला जातो, अशा दहा-वीस कोयत्यांची टोळी होते आणि टोळीवर एक मुकादम असतो. कारखाना वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी करार करून त्याला आगाऊ रक्कम देतो. मुकादम त्यातून पावसाळ्यातच प्रत्येक कोयत्याला पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंत ‘उचल’ देतो, आणि ही उचल हंगामात टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडायची असते. ऊस कमी पडला, अवकाळी पाऊस लागला किंवा घरात आजारपण आले की फेड अपुरी राहते व बाकी पुढच्या हंगामावर जाते. कामावर न येण्याच्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात आणि त्याचा दंड जोडीच्या हिशेबातून कापला जातो. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला ३६६ रुपये झाला. एक जोडी दिवसाला साधारण दोन-अडीच टन ऊस तोडते. म्हणजे पहाटे सुरू होऊन, गाडी उशिरा आली तर रात्रीपर्यंत चालणाऱ्या दोन माणसांच्या कष्टांचे सातशे ते नऊशे रुपयांच्या आसपास होतात, आणि तेही हाती न पडता उचलीत वळते होतात.

या मजुरांचा मालक कोण, या प्रश्नाचे सरळ उत्तर या व्यवस्थेत मिळत नाही. केंद्र सरकार जाहीर करते तो उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, हा कारखान्याच्या दाराशी पोहोचलेल्या उसाचा दर असतो. म्हणून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो, आणि तोडणी हे मुळात शेतकऱ्याचे काम असून कारखाना ते त्याच्या वतीने करून घेतो, असा युक्तिवाद केला जातो. शेतकऱ्याला मात्र आपल्या फडात कोणती टोळी येणार हे ठरवता येत नाही. तोडणीचा प्रोग्राम कारखान्याचा शेतकी विभाग लावतो, पावती कारखान्याचा चिटबॉय फाडतो आणि वजन कारखान्याच्या काट्यावर होते. शेतकी विभागाच्या नोंदींत टोळ्यांची गणना ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या आणि हार्वेस्टर यांच्याबरोबर तोडणी-वाहतूक यंत्रणेत होते, आणि कारखान्याच्या कामगार अधिकाऱ्याचा त्यांच्याशी काहीही संबंध येत नाही. कामाची वेळ, जागा, पद्धत आणि मोबदला हे सारे ज्याच्या हाती आहे, त्याच्या मनुष्यबळ विभागाला त्या माणसांची नावेही ठाऊक नसावीत, ही या उद्योगाच्या रचनेतील मूळ उणीव आहे. बाकीच्या बहुतेक उणिवा तिच्यातून निघतात.

या उणिवेची किंमत केवळ मजूर मोजतात असा समज असेल तर तो चुकीचा आहे. साखर शेतात तयार होते, कारखाना ती फक्त वेगळी करतो, ही गोष्ट या व्यवसायातील प्रत्येकाला माहीत आहे. उसाच्या बुडाकडील कांड्यांत साखरेचे प्रमाण सर्वांत जास्त आणि शेंड्याकडे सर्वांत कमी असते. म्हणून ऊस जमिनीलगत तोडला, वाढे नेमके योग्य जागी छाटले आणि पाचट नीट सोलले तर गव्हाणीत येणारा माल चांगला येतो. बुडखा वर राहिला तर सर्वाधिक साखरेचे कांडे शेतातच राहते आणि खोडव्याचे फुटवेही जमिनीच्या वरून येऊन कमजोर पडतात. तोडल्यानंतर उसातील साखरेचे विघटन लगेच सुरू होते, त्यामुळे तो २४ तासांच्या आत गाळला जावा अशी अपेक्षा असते, आणि हे वेळापत्रक सांभाळणे टोळीच्या तोडीवर व भरणीवर अवलंबून असते. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा उतारा केवळ ०.१ टक्क्याने सुधारला तर एक हजार टन, म्हणजे दहा हजार क्विंटल साखर अधिक मिळते. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने तिची किंमत तीन कोटी दहा लाख रुपये होते. उताऱ्यातील हा फरक जातीवर, जमिनीवर आणि हवामानावरही ठरतो हे खरे, पण त्या तिन्हींसाठी कारखाने बेणेमळे, माती परीक्षण आणि ऊस विकास योजना चालवतात, तर जो माणूस प्रत्यक्ष कोयता चालवतो त्याच्या कौशल्यासाठी एक दिवसाचे प्रशिक्षणही नसते. त्याला मोबदला टनावर मिळतो, त्यामुळे जमिनीलगत वाकून तोडण्यात जो वेळ आणि जी पाठ खर्च होते तिचे त्याला काहीच मिळत नाही. ऊस पेटवून तोडण्याकडे कल का वाढतो, याचेही कारण इथेच आहे. पाचट सोलण्याचे कष्ट वाचतात. वजन घटते, जळिताची कपात शेतकऱ्याच्या माथी बसते, जमिनीला मिळणारे सेंद्रिय द्रव्य धुरात जाते, आणि ज्या अहवालात कार्बन उत्सर्जन घटवल्याचा उल्लेख असतो त्याच कारखान्याच्या कार्यक्षेत्रात फड पेटतात. निसर्गाची शाश्वतता आणि माणसांची शाश्वतता एकाच फडात अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

मजुरी अपुरी पडली की ती दुसरीकडून भरून काढली जाते. पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची ‘खुशाली’ आणि ‘एंट्री’ यांविषयीची तक्रार सर्वश्रुत आहे. तोड मिळावी म्हणून टोळीला आणि गाडी भरली म्हणून चालकाला वरचे पैसे द्यावे लागतात, आणि शेतकरी व मजूर हे या साखळीतील दोन कमजोर घटक एकमेकांसमोर उभे राहतात. दुसरीकडे, उचल घेऊन मुकादम पसार होण्याचे प्रकार दर हंगामात घडतात, वाहतूकदार कर्जात बुडतात, पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल होतात, आणि वसुलीच्या नावाखाली मजुरांना डांबून ठेवण्याच्या घटनाही उघडकीस येतात. हा प्रश्न बहुधा फसवणुकीचा आणि कायदा-सुव्यवस्थेचा म्हणून मांडला जातो. व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर तो भरतीच्या पद्धतीचा प्रश्न आहे: ज्या उद्योगाने आपल्या सर्वांत मोठ्या मनुष्यबळाशी कर्जाखेरीज दुसरे कोणतेही नाते जोडलेले नाही, त्याला निष्ठेची, सातत्याची किंवा अनुभवी हात टिकून राहण्याची हमी कुठून मिळणार? त्यातच मजुरांच्या शिकलेल्या मुलांना कोयता नको आहे, आणि ते योग्यच आहे. तोडणी मजुरांची टंचाई जाणवू लागली आहे ती यामुळे, आणि केवळ उचलीचा आकडा वाढवून ती भरून निघणार नाही.

या व्यवस्थेत स्त्रियांच्या वाट्याला काय येते, याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. जोडीचा मोबदला एकत्र धरला जातो आणि उचल बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असते, त्यामुळे निम्मे काम करणाऱ्या स्त्रीच्या नावावर ना मजुरी दिसते, ना बँकेत रक्कम जमा होते. तिचा दिवस फडापूर्वी सुरू होतो आणि फडानंतर संपतो. पाणी, सरपण, स्वयंपाक आणि मुले ही कामे तिचीच असतात, आणि राहायला कारखान्याजवळच्या माळावर किंवा रस्त्याकडेला प्लॅस्टिकचा कागद टाकलेली कोप असते, जिथे शौचालय आणि आंघोळीसाठी आडोसा नसणे हेच नेहमीचे असते. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर काम थांबवले तर खाडा लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या तक्रारी विधिमंडळात पोहोचल्या, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेण्यात आली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नसल्याने ही तुलना काटेकोर नाही, पण तफावत एवढी मोठी आहे की वयोगटाच्या फरकाने ती पुसली जात नाही. या शस्त्रक्रियांमागे काही खासगी रुग्णालयांचा लोभ आहे, कमी वयातील लग्ने व बाळंतपणे आहेत, प्राथमिक आरोग्य सेवेची वानवा आहे. आणि त्याबरोबरच ज्या कामाच्या रचनेत आजारपणाला जागाच नाही ती रचनाही आहे. खाड्याचा दंड ठरवणारी व्यक्ती कारखान्याच्या पगारपत्रकावर नसेल, परंतु तो दंड ज्या गाळपाच्या वेळापत्रकासाठी लावला जातो ते वेळापत्रक कारखान्याचे आहे.

याउलट काय करता येते, याचे एक चांगले उदाहरण मध्य अमेरिकेत सापडते. निकाराग्वा आणि एल साल्व्हादोर या देशांत ऊसतोड मजुरांमध्ये मूत्रपिंडाच्या एका जीवघेण्या आजाराने अनेक तरुण दगावले. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नसलेल्यांनाही तो होत असल्याने त्याचा शोध घेतला गेला आणि प्रखर उन्हातील अतिश्रम व शरीरातील पाणी कमी होणे हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. त्यावर पाणी, विश्रांती आणि सावली या त्रिसूत्रीचा उपाय आखण्यात आला, म्हणजे मजुराच्या पाठीवर पाण्याची पिशवी, ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती आणि फडाजवळ हलवता येणारा मांडव. एल साल्व्हादोरमधील पहिल्या प्रयोगात यासोबत सुधारित कोयताही देण्यात आला. मजूर दिवसातून अनेकदा थांबू लागले, तरी माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. तिथे ऊस जाळून तोडतात, म्हणून हे टनांचे आकडे महाराष्ट्रातील आकड्यांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि ही वाढ नेमकी विश्रांतीमुळे किती व कोयत्यामुळे किती हेही वेगळे काढलेले नाही. पण विश्रांती दिली की काम बुडते, या समजुतीला तिथे आधार मिळाला नाही, हे निश्चित. मराठवाड्यातून आलेले मजूर मार्च-एप्रिलच्या उन्हात कोल्हापूर-सोलापूरच्या फडांत जे काम करतात, त्याला ही त्रिसूत्री लागू करण्यासाठी कोणत्याही परदेशी तंत्रज्ञानाची गरज नाही.

बाजारपेठेची बाजूही लक्षात घ्यावी. महाराष्ट्राची साखर मोठ्या प्रमाणात शीतपेये, मिठाई आणि बिस्किटे बनवणाऱ्या कंपन्यांकडे जाते, आणि त्या कंपन्यांना आपल्या पुरवठा साखळीतील श्रमाच्या परिस्थितीबद्दल जाब विचारला जाऊ लागला आहे. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बीडच्या ऊसतोड स्त्रियांवरील सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात कारखान्यांबरोबर साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांचीही नावे होती. सेबीने, म्हणजे भारतीय शेअर बाजाराच्या नियामकाने, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कायम आणि बिगरकायम कामगारांची माहिती वेगवेगळी द्यावी लागते. सहकारी कारखाने या सक्तीच्या बाहेर आहेत, परंतु त्यांचे ग्राहक आत आहेत, आणि ग्राहकाने उद्या मागितलेली माहिती कारखान्याच्या दप्तरातच नसेल तर ती एका रात्रीत तयार करता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सुविधांची जबाबदारी कंत्राटदाराऐवजी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्यासाठी काम होते त्या आस्थापनेवर टाकली आहे. तोडणी शेतकऱ्याची की कारखान्याची, हा जुना वाद न्यायालयात आणखी काही वर्षे लांबवता येईल. तो तसा लांबवणे हे कोणत्याही संचालक मंडळाला शोभणारे नाही.

यांत्रिकीकरणाने हा प्रश्न आपोआप सुटेल, असे अनेकदा सांगितले जाते, आणि राज्यात ९०० हार्वेस्टरना अनुदान देण्याची योजना आल्यापासून हा सूर अधिक ऐकू येतो. हार्वेस्टर यावेत, कारण पाठ मोडणारे काम यंत्राने केले तर त्यात वाईट काही नाही. पण त्याला रुंद सऱ्या आणि सलग मोठे क्षेत्र लागते, ओल्या रानात ते चालत नाही, आणि ज्या राज्यात बहुतेक ऊस एक-दोन एकरांच्या तुकड्यांत उभा आहे तिथे अनेक वर्षे यंत्र आणि कोयता शेजारीशेजारी चालणार आहेत. शिवाय यंत्र आल्यावर कोयत्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे काय, हाही मनुष्यबळ व्यवस्थापनाचाच प्रश्न आहे. हार्वेस्टरचे चालक, दुरुस्ती करणारे, पाचटाच्या गाठी बांधणाऱ्या यंत्रावर काम करणारे, रोपवाटिका चालवणारे या नव्या कामांसाठी अनुभवी ऊसतोड मजुरांच्या मुला-मुलींना आधी प्रशिक्षण द्यावे, असा ठराव आपल्यापैकी ज्या कारखान्याने हार्वेस्टर घेतले त्याच्या सभेत व्हायला हवा होता.

या सूचना कारखान्यांना न झेपणाऱ्या वाटत असतील, तर त्यांनी स्वतःचाच इतिहास आठवावा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप केले, तेव्हापासून सहकारी साखर कारखान्यांनी सभासदांच्या मुलांसाठी शाळा व महाविद्यालये काढली, रुग्णालये उभारली, दूध संघ आणि पाणीपुरवठा योजना चालवल्या. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी तर एका माळरानाचे गाव केले. माणसे घडवल्याशिवाय कारखाना टिकत नाही, हे या मंडळींना व्यवस्थापनशास्त्राने संकल्पनेला नाव देण्याच्या कितीतरी आधी कळले होते. त्या दृष्टीची व्याप्ती सभासद आणि कायम कामगार यांच्यापाशी थांबली, आणि दुष्काळी तालुक्यांतून येणारा माणूस सहकाराच्या बाहेर राहिला, एवढी एकच पण मोठी मर्यादा तिला पडली. मध्यंतरी काही कारखान्यांनी या मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा चालवल्या. आता शासनाने मजुरांची मुले गावीच थांबून शिकावीत म्हणून संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आणली आहे, आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे ठरले आहे. दहा लाख टन गाळपावर ही रक्कम एक कोटी होते, उताऱ्यातील ०.१ टक्क्याच्या सुधारणेतून मिळणाऱ्या रकमेच्या ती एक तृतीयांशही नाही. तरीही ही रक्कम कारखाने आपला खर्च न मानता शासनाने लादलेला कर मानतात, आणि ती भरली की आपले कर्तव्य संपले असे समजले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. महामंडळ विमा देऊ शकते, ओळखपत्र देऊ शकते. पण फडावर पाणी पोहोचवणे, तळावर शौचालये आणि दिवे लावणे, गाडीभरणीची वेळ रात्रीवरून दिवसावर आणणे, सर्पदंश आणि अपघाताच्या वेळी वाहन उपलब्ध करणे ही कामे रोजच्या व्यवस्थापनाची आहेत. ती मुंबई-पुण्यातील कार्यालयातून होत नाहीत. ती गट कार्यालयातून होतात, आणि गट कार्यालय कारखान्याचे असते.

जानेवारी २०२४ चा करार तीन हंगामांसाठी होता आणि २०२५-२६ च्या हंगामाबरोबर त्याची मुदत संपते. नव्या कराराच्या बैठकीत टनाचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर घासाघीस होईल, ती व्हावीही. मात्र या वेळी बैठकीपूर्वी प्रत्येक संचालक मंडळाने शेतकी विभागाकडून आपल्या कार्यक्षेत्रात तोड केलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाची नावानिशी यादी मागवावी, अशी या पत्राची पहिली विनंती आहे. चिटबॉयकडील पावत्या, मुकादमांचे करारनामे आणि वाहतूकदारांचे हिशेब एकत्र केले तर ती महिनाभरात तयार होऊ शकते. त्या यादीवरून स्त्रीची आणि पुरुषाची मजुरी वेगवेगळ्या खात्यांत जमा करता येईल, उचलीचा हिशेब मजुराला लेखी देता येईल, आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा रद्द करता येईल, जमिनीलगत व स्वच्छ तोडीसाठी टनामागे वेगळी रक्कम देता येईल, आणि सलग काही हंगाम येणाऱ्या टोळ्यांना मुकादमाच्या मध्यस्थीशिवाय कारखान्याशी थेट करार करण्याचा पर्याय ठेवता येईल. राज्यातील दोनशेच्या आसपास कारखान्यांपैकी दहा कारखान्यांनी जरी येत्या हंगामाच्या मोळीपूजनापूर्वी असे हजेरीपट तयार केले आणि त्यांतील माणसांची संख्या आपल्या पुढील वार्षिक अहवालात मनुष्यबळ म्हणून छापली, तरी उरलेल्या कारखान्यांना त्यांच्या सभासदांसमोर आणि ग्राहकांसमोर तसे न करण्याचे कारण सांगावे लागेल.

कळावे.

साखर उद्योगाचा एक अभ्यासक